ताकदीची सुई

आशागड
१३ मार्च २०१६

लाहू,

पत्र बघून हसू नकोस. फोन केला की तुझी आई उचलते, आणि तू उचललास तर दोन वाक्यांत तुझा आवाज चढतो. म्हणून लिहिते. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं, ते एवढ्यासाठी तरी कामाला येऊ दे.

मी नीट पोचले. इथे सगळ्यांना सांगितलंय की आईचे गुडघे दुखतात म्हणून महिनाभर राहायला आले. तिचे गुडघे खरंच दुखतात, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. मनगटाचं सुनिलने विचारलं. विहिरीवर पाय घसरला म्हटलं. थोड्या वेळाने परत विचारलं, परत तेच सांगितलं. भाऊ आहे, त्याला काय समजायचं ते समजलं असेल. प्लास्टर लागलं नाही, नुसती पट्टी आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

त्या दिवशी मी एवढंच म्हटलं होतं की मूल राहत नाही तर दोघंही तपासून घेऊ. तुझी आई म्हणाली, "माझ्या पोराला कसली तपासणी? सगळा तालुका बघतो त्याचं अंग." तिचं ठीक आहे, तिचं बोलणं मी रोज ऐकते. पण तुझ्या डोळ्यांत तेव्हा जे आलं ते मी लग्नानंतर पहिली दीड वर्षं कधी बघितलं नव्हतं. नंतर तू बाहेर जाऊन डोकं धरून बसलास, तेही मी आतून बघितलं. तू असा नव्हतास. हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे.

तांदळाचं पीठ डब्यात आहे, तांदूळ मडक्यात. बकरीला वेळेवर सोड.

भिकी


आशागड
२२ मे २०१६

लाहू,

डहाणूच्या सामन्याला मी आले होते. तुला सांगितलं नाही. कारखान्यातल्या जयश्रीला बरोबर घेऊन बायकांच्या बाजूला मागे बसले. कारखाना म्हणजे फुग्यांचा. सुनिलच्या घरी नुसतं बसून खायला बरं वाटत नाही, म्हणून फुगे निवडायच्या कामाला जाते. महिनाभरासाठी आले होते हे आता कोणी विचारत नाही.

तू जिंकलास. पोरांनी तुला खांद्यावर घेतलं. जयश्री म्हणाली, "बाई गं, काय अंग आहे तुझ्या नवऱ्याचं!" मी हसले. पण मला तुझी मानच दिसेना. खांदे कानापर्यंत आलेत. बनियनच्या बाहेर पाठीवर लाल फोडांची रांग होती. पंचाने एक गुण दिला नाही तर तू त्याच्या अंगावर धावलास, तुमच्या संघातल्या हाल्याने आणि बाकीच्यांनी तुला धरलं. पूर्वी कोणी भांडलं तर तूच सोडवायला जायचास.

तुला आठवतं का, पूर्वी सामन्याआधी तू ताडाखाली तोंडावर गमछा टाकून झोपायचास? बाकीची पोरं उगाच उड्या मारायची, पाणी प्यायची, लघवीला जायची. हाल्या तुला पायाने ढोसून उठवायचा आणि तू जांभई देत मैदानात शिरायचास. अंग इतकं सैल की समोरच्याला वाटायचं, हा काय चढाई करणार! आणि त्यांच्या हातांतून तू मासोळीसारखा सुटून यायचास. परवा तू सुटलास तो ताकदीने, दोघांना फरफटत आणून. लोकांना तेच आवडलं. मला नाही आवडलं. तुझा जबडा सबंध वेळ आवळलेला होता, बसल्या जागी पाय हलत होता.

तुला झोप लागते का आता?

अच्छाडला चिमणच्या जिममध्ये अजून जातोस का?

भिकी


आशागड
४ सप्टेंबर २०१६

लाहू,

चिमणच्या जिमचं तू काही कळवलं नाहीस. मग मीच सांगते. आपल्या घरात पत्र्याच्या पेटीमागे खोबरेल तेलाच्या डब्यात काचेच्या बाटल्या आहेत, छोट्या, पिवळट तेलाच्या. तू म्हणायचास, जीवनसत्त्वाची सुई आहे. टीव्हीवर कबड्डी आल्यापासून तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात कंपनीचा संघ बसला, तेव्हाच चिमणने ही सुई आणली. त्याने तुला सांगितलं होतं, "लाहूभाऊ, ही ताकदीची सुई. बैलाला गाडी ओढायला लावते." तूच मला हसत सांगितलं होतंस. पहिल्या पावसाळ्यात तुझे दंड असे भरले की मलाही अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

मी डहाणूच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरबाई बोलायला तुटक आहेत, पण ऐकून घेतात. सगळ्या तपासण्या झाल्या. त्या म्हणाल्या, "तुझ्यात काही दोष नाही. नवरा काय करतो?"

"कबड्डी खेळतो."

"काही घेतो का?"

"दारू नाही घेत, मॅडम."

"दारूचं नाही विचारत मी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "या भागातली खेळणारी पोरं माझ्याकडे येत नाहीत. त्यांच्या बायका येतात."

मग मी बाटल्यांचं सांगितलं. तुझं नाव नाही सांगितलं, पण तू येशील तेव्हा त्यांना कळेलच. ये, लाहू. दोष कोणाचा हे ठरवायला नको येऊस. तुझी छाती कधी कधी धडधडते, तू पहाटेपर्यंत कूस बदलतोस, केस उशीवर पडतात. त्यासाठी ये. तुझ्या आईला सांग की तालमीला चाललास.

भिकी


आशागड
२७ नोव्हेंबर २०१६

लाहू,

तू आलास, मला फार बरं वाटलं. तू रिक्षातून उतरलास तेव्हा आईने लगेच भात टाकला. तिचे गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत.

डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा तू सबंध वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतास. म्हणून त्या काय म्हणाल्या ते परत लिहिते. सावकाश वाच.

त्या म्हणाल्या, पुरुषाच्या अंगात पुरुषपणाचं द्रव्य आपोआप तयार होतं. त्यानेच ताकद येते, उमेद येते, बीज तयार होतं. सुईतून तेच द्रव्य बाहेरून भरपूर आलं की अंगाला वाटतं, आता आपल्याला काम नाही. मग आतला कारखाना बंद पडतो. दंड फुगतात, पण बीज बनायचं थांबतं. तुझ्या तपासणीत बीज सापडलं नाही, लाहू. अजिबात नाही.

पण हे कायमचं असेलच असं त्या म्हणाल्या नाहीत. तो भाग तू ऐकलास का? सुया पूर्ण बंद केल्या तर आतलं काम हळूहळू सुरू होतं. वर्ष लागेल, जास्तही लागेल, औषधं घ्यावी लागतील. काहींचं होत नाही, पुष्कळांचं होतं. मधले दिवस वाईट जातील. बाहेरचं बंद आणि आतलं सुरू नाही, अशी ती वेळ असते. अंग गळून जाईल, झोप झोप होईल, कशात मन लागणार नाही. "तेव्हा त्याला आळशी म्हणू नका. तो आजारी असेल," असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

बाहेर सोड्याच्या गाडीपाशी तू माझा हात धरलास. लोकांसमोर तू कधी हात धरत नाहीस. म्हणालास, "भिकी, हे कोणाला सांगू नको. आईला पण नाय. मला मैदानात तोंड दाखवता येणार नाय." मी शब्द दिला. तो माझ्याकडे राहील.

येत्या रविवारी मी उधव्याला, आपल्या घरी परत येते. वाईट दिवस दोघं मिळून काढू.

भिकी


आशागड
१९ फेब्रुवारी २०१७

लाहू,

मी परत आशागडला का आले, हे इथे कोणी विचारलं नाही. ते तर जास्तच वाईट.

मला तुझ्यावर राग नाही, हे आधी लिहून टाकते. ते दोन-अडीच महिने तू कसे काढलेस ते मी बघितलंय. भात पुढे ठेवला तरी तुझा हात उचलायचा नाही. दिवस वर आला तरी तू घोंगडी ओढून पडलेला. घारीने कोंबडीचं पिल्लू उचललं तर तू रडायला लागलास, आणि रडतोय म्हणून तुलाच लाज वाटली. एकदा म्हणालास, "भिकी, अंगातून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं. घर हाय, पण आत माणूस नाय." मी म्हटलं, येईल परत. तू म्हणालास, "आणि नाय आला तर?"

तुझी आई पाड्यात सांगत होती, "वाघासारखा पोर. ही आली आणि त्याचा मातीचा गोळा झाला." मी ऐकून घेतलं. शब्द दिला होता.

मग हाल्या तुला सरावाला घेऊन गेला. मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते. मध्यरेषा ओलांडून तू थोडा आत गेलास आणि तुझा दम सुटला. कबड्डी म्हणता म्हणता तुझा आवाजच बंद झाला. त्या कोवळ्या विनोदने तुझा घोटा धरला आणि तू पडलास. कोणी हसलं नाही. हसले असते तर तुला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी चिमण मोटरसायकलवर आला. मला बघून म्हणाला, "वहिनी, गाडीत डिझेल नाय घातलं तर गाडी चालेल का?" मी म्हटलं, "गाडीला पोरं होत नाहीत, चिमणभाऊ." तो हसला. तू हसला नाहीस.

तो गेल्यावर तू म्हणालास, "एवढी निवड होऊ दे. मार्चमध्ये कंपनीचे लोक येणार. मग बंद. कायमचं बंद."

"डॉक्टरबाईंनी वर्ष सांगितलंय."

"वर्षाने मला कोण विचारणार? विनोद तयार होतोय. माझा गुडघा आत्ताच बोलतो."

मी दारात उभी राहिले. मला वाटलं, आता तू ढकलशील. तू ढकललं नाहीस. अगदी हळू म्हणालास, "मला त्या उतरलेल्या अंगात राहवत नाय, भिकी. तू बघितलं बाहेरून. मी आत होतो."

मी बाजूला झाले. तू पेटीपाशी गेलास आणि मी माझी पिशवी भरली. हात उचलला असतास तर रागावून आले असते. तसं झालं नाही, म्हणून रस्ताभर पाय उचलत नव्हते.

भिकी


आशागड
१७ जून २०१७

लाहू,

काल पंचांसमोर आपली काडी मोडली. पाड्यातली अर्धी माणसं होती. सुनिल मुठी वळून माझ्या शेजारी बसला होता.

तुझी आई म्हणाली, "चार वरसं वाट बघितली. वांझ हाय ती. माझा वंश बुडवायचा का मी?" म्हाताऱ्या लडक्याकाकाने तुला विचारलं, "लाहू, तुझं काय म्हणणं?" तू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतास. त्याने परत विचारलं. तू मान खाली घातलेलीच ठेवलीस. त्याने ती हो म्हणून धरली.

मग मला विचारलं, "पोरी, तुला काय बोलायचं हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तू पण तेव्हा वर बघितलंस. तेवढंच एकदा. तुझे डोळे असे झाले होते की मला सोड्याच्या गाडीपाशी धरलेला हात आठवला. मी म्हटलं, "नाही काही."

सगळं सांग असं माझं म्हणणं नव्हतं. तीन शब्द पुरले असते. तिचा दोष नाय. बाकी कोणी काही विचारलं नसतं. परत येताना सुनिल म्हणाला, "तू का गप्प बसलीस?" त्यालाही मी सांगितलं नाही.

तुझी निवड झाली असं ऐकलं. बरं झालं. आपल्या दोघांचं सगळं त्यातच गेलं, तेव्हा ती निवड तरी तुझ्या हातात राहू दे.

आता मी लिहिणार नाही.

भिकी


आशागड
६ ऑक्टोबर २०१९

रविना,

परवा तलासरीच्या बाजारात तू मला ओळखलंस आणि मागून येऊन थांबवलंस, ती मी. भिकी. लाहूची पहिली बायको. तू विचारलंस, "बाय, तुमचं पण असंच झालं होतं का? काही राहतच नव्हतं?" आणि मी गाडी आली म्हणून निघून गेले. गाडी आली नव्हती. मी थोडं पुढे जाऊन एका दुकानामागे उभी राहिले. तू सुकी मासळी घेऊन सासूच्या मागे जाताना मला दिसत होतीस.

तेवढ्या वेळात तू पुष्कळ सांगितलंस. लाहूचा खांदा फाटला, स्नायू हाडावरून सुटला आणि कंपनीने पुढच्या वर्षी त्याला बोलावलं नाही. चिमणचं जिम बंद होऊन तिथे टायरचं गोदाम झालं. लाहू आता दिवसभर पडून असतो, बोलत नाही, तुला हातही लावत नाही. सासू तुला भगताकडे नेते, दंडाला दोरा बांधते. मलाही बांधला होता. आणि ती आता पाड्यात म्हणते की ही पण तसलीच निघाली, तिसरी बघायला हवी.

म्हणून सांगते. नीट वाच.

माझ्यात दोष नव्हता. डहाणूच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं होतं. लाहू अंग वाढवायला चिमणकडून सुया घ्यायचा. त्या सुयांनी पुरुषाचं अंग फुगतं आणि आत बीज बनायचं बंद होतं. त्याची तपासणी झाली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होते. बीज नव्हतं. त्याला ते माहीत होतं. काडी मोडली त्या दिवशी माहीत होतं, आणि तुला हळद लागली त्या दिवशीही माहीत होतं.

मी कोणाला सांगणार नाही असा त्याला शब्द दिला होता आणि एवढी वर्षं पाळला. माझ्यासाठी दोनदा स्थळ आलं. दोन्ही वेळा त्या लोकांनी उधव्यात चौकशी केली आणि फिरकले नाहीत. आई वारली, तीही मला वांझ समजूनच गेली. हे मी सहन केलं, कारण तो माझ्यापुरता सौदा होता. त्यात तू नव्हतीस. परवा तुझ्या दंडावरचा दोरा बघितला आणि घरी येईपर्यंत माझं ठरलं.

लाहू वाईट माणूस नाही. तू त्याला आता बघतेस, मी त्याला आधी बघितलंय. तो हसरा होता, दमला की कुठेही झोपायचा, कोणावर आवाज चढवायचा नाही. नंतर माझं मनगट दुखावलं तेही त्यानेच. दोन्ही खरं आहे. आता तो पडून असतो त्याला आळस म्हणू नकोस आणि तुझ्यावरचा राग तर मुळीच समजू नकोस. बाहेरचं बंद झालं आणि आतलं सुरू झालं नाही की असं होतं, हे डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं. त्यावर औषध आहे. त्याला उपचार मिळाले तर तो उठून बसेल, कदाचित बीजही होईल. उशीर झालेला असेल तर नाही होणार. पण डॉक्टरकडे त्यालाच जावं लागेल. तू कितीही दोरे बांधलेस तरी त्याच्या अंगात काही होणार नाही.

दवाखाना डहाणू रोडला स्टेशनच्या मागच्या गल्लीत आहे. डॉक्टरबाई त्याच आहेत. तो येत नसेल तर आधी तू एकटी ये, मी कारखान्यातून सुट्टी घेऊन तुझ्याबरोबर बसेन. आशागडला फुग्यांच्या कारखान्यात भिकी म्हणून विचार, कोणीही सांगेल.

हे पत्र लपवून ठेवू नकोस आणि फाडू नकोस. तुझ्या सासूला वाचता येत नाही, तेव्हा तिला समोर बसवून वाचून दाखव. लाहू घरात असेल तेव्हाच वाच. मोठ्याने वाच. मध्ये तो थांब म्हणाला तरी थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

भिकी